‘एक’ म्हणजे नक्की किती?

चाकणच्या एका कारखान्यात कामगारांच्या कपाटांची नोंद संगणकावर ठेवायची आहे, असे समजा. व्यवस्थापक आज्ञावली लिहिणाऱ्याला सांगतात : “प्रत्येक कामगाराला एक कपाट असावे.” वाक्य सरळ आहे, अवघड शब्द एकही नाही. तरी ते पुन्हा वाचा.

‘एक’ म्हणजे नेमके एक, की निदान एक? पहिल्या पाळीचा कामगार घरी गेल्यावर तेच कपाट दुसऱ्या पाळीच्या कामगाराला चालेल का? जुना कारकून हे तारतम्याने ठरवतो. संगणकाजवळ तारतम्य नाही. लिहिणाऱ्याने जो अर्थ मनाशी धरला, तोच तो राबवील, आणि घोटाळा कळेल तो दोघांच्या हाती एकाच कपाटाची किल्ली पडल्यावर!

आता हीच मागणी तुमच्या ओळखीच्या गणितात मांडू. कामगारांचा संच ‘क’, कपाटांचा संच ‘प’. प्रत्येक नोंद म्हणजे (कामगार, कपाट) अशी क्रमित जोडी. पहिली अट : ‘क’मधला प्रत्येक घटक नेमक्या एका जोडीत यावा. दुसरी अट : ‘प’मधला कोणताही घटक दोन जोड्यांत येऊ नये. दुसरी अट ठेवली तर कपाट ज्याचे त्याचे. काढली तर ते सामाईक होऊ शकते. संदिग्धता संपली. शिवाय दोन्ही अटी ठेवल्या, की कपाटे कामगारांपेक्षा कमी असून चालणारच नाही, हे सिद्ध करता येते. ५०० कामगार आणि ३०० कपाटे असतील, तर ही मागणी अशक्य आहे हे आज्ञावलीची एक ओळही लिहिण्यापूर्वी कळते. मला या पद्धतीचा खरा लाभ हाच वाटतो.

मागण्या अशा रीतीने मांडण्यासाठी खास भाषा आहेत. त्यांपैकी ‘झेड’ ही भाषा फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-रेमाँ आब्रियाल यांच्या १९७० नंतरच्या दशकातील कामातून निघाली व ऑक्सफर्ड विद्यापीठात वाढली. तिचा पाया संच आणि तर्कशास्त्र हाच. आब्रियाल यांचीच ‘बी’ पद्धत पॅरिसमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या चालकविरहित मेट्रोच्या (मार्ग १४) सुरक्षा-आज्ञावलीसाठी वापरली गेली. आपल्या पुण्यातही १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये आज्ञावली-शास्त्रावर संशोधन झाले आहे.

मात्र कपाट सामाईक असावे की नसावे, हे गणित सांगत नाही. ते कारखान्यातच विचारावे लागते.

शाळेच्या ग्रंथालयाचा ‘एका विद्यार्थ्यास एक पुस्तक’ हा नियम असाच संचांत मांडून पाहा. एकाच पुस्तकाच्या चार प्रती असल्या तर ‘पुस्तक’ कशाला म्हणायचे, इथे तुम्ही अडाल.