घरात बंदूक आहे का?

मनाने खचलेला रुग्ण समोर बसला की डॉक्टरांनी झोप, भूक, दारू यांच्याबरोबर घरात बंदूक आहे का, हेही विचारायला हवे. इंदूरला हा प्रश्न परका नाही. 12 जून 2018 रोजी याच शहरात आध्यात्मिक गुरू भय्यू महाराजांनी राहत्या घरी रिव्हॉल्व्हरने जीवन संपवले. त्यामागची कारणे न्यायालयापर्यंत गेली. हत्यार हाताशी होते, ही बाब मात्र वेगळी लक्षात घ्यावी लागते. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते. बंदूक तेवढा वेळच देत नाही. तिने केलेले दहापैकी जवळपास नऊ प्रयत्न प्राणघातक ठरतात. श्रीलंकेत जहाल कीटकनाशकांवर बंदी आली आणि आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या. साधन दूर गेले की माणसे वाचतात, ती अशी.

परवान्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागतेच, मग पुन्हा चौकशी कशाला? कारण शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आणि नैराश्य मुदत पाहून येत नाही. शिवाय हत्यार वडिलांचे आणि आजार मुलाचा, असेही असते. खासगीपणाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेत फ्लोरिडाने 2011 मध्ये डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवर कायद्याने बंधने घातली. 2017 मध्ये अपील न्यायालयाने त्यांतली बहुतेक रद्द केली. आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा, मोजके अपवाद सोडता, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला लावतो. डॉक्टरांनी हे आधीच सांगावे. उत्तर ‘हो’ आले, तर हत्यार काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते, आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक घरच्यांच्या हाती देता येतो.