चाल गाथेत छापलेली नसते

जळकोट हा लातूर जिल्ह्याचा डोंगराळ, कोरडवाहू कोपरा. १९९९ साली तो वेगळा तालुका झाला. एका अंगाला उदगीर-अहमदपूर, दुसऱ्या अंगाला नांदेड जिल्ह्यातले मुखेड-कंधार. या पट्ट्यात यात्रेच्या किंवा सप्ताहाच्या निमित्तानं शनिवार-रविवारी भजन स्पर्धा भरतात, तेव्हा चहूबाजूंनी जीप आणि टेम्पो भरून मंडळं येतात. गाणारे सगळे हौशी. कुणी शेतकरी, कुणी शाळेतले गुरुजी, कुणी एसटीचा वाहक, कुणी शिवणकाम करणारी बाई. बक्षिसाची रक्कम गाडीभाड्यातच जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकमेकांचं ऐकायला आणि आपलं ऐकवायला ते येतात. अशा स्पर्धांना मी रेकॉर्डर घेऊन जाते.

मंडप बांधून होतो तेव्हाच पोचलं तर जागा नीट मिळते. साऊंडवाला मदतीला तयार असतो आणि पहिला सल्लाही तोच देतो, मिक्सरमधून थेट वायर घ्या म्हणून. मी घेत नाही. त्याचे माईक मुख्य गायकाच्या तोंडाशी, पेटीपाशी आणि पखवाजाच्या दोन्ही बाजूंना असतात. मागे दोन रांगांत बसलेले टाळकरी आणि चाल उचलून धरणारे आवाज त्या वायरीत जवळजवळ येतच नाहीत. तेवढंच ऐकलं तर एक माणूस एकटाच गातोय असं वाटतं. भजनात एकानं चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी तो अंगावर घ्यायचा, यातच सगळी गंमत आहे. म्हणून माझा स्टँड मंडळाच्या समोर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, कर्ण्यांच्या तोंडापासून शक्य तितका दूर असतो. पखवाजाची धुम वादकाच्या डाव्या हाताला असते, शाई उजव्या. माईक थोडा शाईच्या बाजूला सरकवला की धुमेचा घुमारा गाणं झाकून टाकत नाही.

आवाजाची पातळी टाळांवरून ठरवायची. नवखा माणूस गायकाच्या पहिल्या आलापावर पातळी लावतो, आणि पंधरा जोड्या टाळ एकदम पडले की आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. हळू आलेला आवाज मात्र घरी वाढवता येतो. त्यामुळे सर्वांत जोराचा टाळ उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकी जागा मी ठेवते, आणि २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रण करते, म्हणजे हळू भागातही खरखर वर येत नाही. जनरेटरची घरघर असतेच. तिच्याकडे पाठ करून माईक लावला की ती बरीच कमी होते.

मंडळ मंचावर चढायच्या आधीच मी यंत्र सुरू करते. पखवाजवाले धुमेवर ओली कणीक थापत असतात, गठ्ठ्यांवर हातोडी मारून पेटीच्या सुराशी शाई जुळवत असतात. रात्रीचा गारवा उतरला की कातडं सैल पडतं, मग एक अभंग झाला की पुन्हा हातोडी. "काळी चार धरा," असं गायक पेटीवाल्याला सांगतो, तेही मुद्रणात हवं. पुढं कुणाला हे भजन याच चालीत बसवायचं असेल तर ते कोणत्या पट्टीत गायलं गेलं, हे त्या एका वाक्यातून कळतं. निवेदक मंडळाचं नाव आणि गाव सांगतो, मग वेळ सुरू होते. एक अभंग, एक गवळण, आणि घंटा. परीक्षक सूर, ताल, उच्चार आणि शिस्त असे गुण मांडत जातात.

अभंगाचे शब्द सुरक्षित आहेत. मुंबई सरकारच्या साहाय्यानं १८६९ ते १८७३ या काळात तुकोबांची गाथा छापली गेली. त्यानंतर किती आवृत्त्या निघाल्या, आज घराघरांत गाथा आहे. चाल मात्र गाथेत छापलेली नसते. ती गळ्यातून गळ्यात जाते, आणि गळा थकला की तिथंच थांबते. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचं मुद्रण सुरू झालं आणि पुढे मराठी भजनंही तबकड्यांवर आली. पण तबकडीच्या एका बाजूला मावत होती जेमतेम तीन मिनिटं, आणि निवड कंपनीच्या बाजाराची होती. मुखेडकडच्या एखाद्या वाडीतल्या मंडळाला तिथं कोण बोलावणार?

म्हणून मंचावरून उतरलेल्या माणसाला मी एकच प्रश्न विचारते, ही चाल कुणाची? उत्तरांतून या मुलखाचा नकाशा उभा राहतो. "आमच्या गुरुजींची." "आळंदीला शिकलाव." जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथं मराठवाड्यातली मुलं शिकायला गेली आणि येताना चाली घेऊन आली, मग त्या इथल्या हेलात थोड्या वाकल्या. लिंगायत मंडळं मन्मथस्वामींचे अभंग गातात. स्वामींची समाधी बीड जिल्ह्यात कपिलधारला आहे, आणि लातूर-नांदेडच्या गावांत त्यांच्या रचना गाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. एकाच स्पर्धेत विठ्ठलाचा अभंग आणि शिवाचा अभंग पाठोपाठ ऐकू येतात, आणि टाळ दोन्हीकडं तेच, तेवढ्याच जोरात वाजतात. काही जण सिनेमाच्या चालीवर अभंग बसवतात. परीक्षक त्याचे गुण कापतात, म्हातारे नाराज होतात. मी तेही पूर्ण मुद्रित करते. गावानं कोणत्या वर्षी काय ऐकलं आणि काय आपलंसं केलं, याची ती नोंद आहे.

रात्री दहा वाजता कर्णे बंद होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी घातली आहे. ठरावीक दिवसांची सवलत सरकार देतं, पण गावच्या स्पर्धेला ती बहुधा नसते. मला तो नियम फार उपकारक वाटतो. साऊंडवाला वायरी गुंडाळतो, जनरेटर थांबतो, आणि परतीची गाडी सकाळची असलेली मंडळं देवळाच्या सभामंडपात गोल करून बसतात. आता घंटा नाही, गुण नाहीत. कोणत्याही गावाचा पखवाज, कोणत्याही गावाचा गळा. एकानं चरण उचलला की माहीत असणारे सगळे धरतात. ज्याला माहीत नाही तो दोन आवर्तनांत शिकतो. मंचावर आठ मिनिटांत आवरलेला अभंग इथं अर्धा-पाऊण तास चालतो. मंचावर न बसणाऱ्या आजी इथं खांबाला टेकून बसतात आणि मध्येच एखादी अशी गवळण काढतात, की पेटीवाला हात थांबवून आधी ऐकून घेतो. एकदा अशी गवळण संपल्यावर आजींनी माझ्याकडं पाहून विचारलं, "त्याच्यात गेलं का ओ माय माझं?" गेलं होतं. हेडफोन त्यांच्या कानाला लावला. स्वतःचा आवाज त्या पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होत्या.

माझ्या मते स्पर्धेचं खरं मुद्रण रात्री दहानंतरचं असतं. स्पर्धा हे जमण्याचं निमित्त आहे. मोबाईलवर चित्रफिती काढणारे बहुतेक जण निकाल लागला की निघून जातात, त्यामुळे नेमकं हेच कुठं उरत नाही.

नावांबाबत मला हयगय चालत नाही. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाचं काम गी पॉयतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह केलं. हजारभर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या याच कामात मुद्रित झाल्या. प्रत्येक ओवीपुढं गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असल्यामुळे नंतरच्या लोकांना त्या बायांपर्यंत पुन्हा पोचता आलं. भजनाच्या मुद्रणालाही तीच शिस्त हवी. मी गाणाऱ्यांची परवानगी आधी घेते, आणि नाव, गाव, चाल कुणाकडून आली हे त्यांच्याच तोंडून यंत्रावर बोलवून घेते. कागद हरवतो, फाइलमधला आवाज फाइलबरोबरच राहतो.

तुमच्या गावात भजनी मंडळ असेल तर येत्या एकादशीला एक मोबाईल टाळकऱ्यांसमोर ठेवा, कर्ण्यासमोर नको. विमान मोड लावा, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. सुरुवातीला तारीख, गाव आणि नावं बोला, आणि भैरवी होईपर्यंत बंद करू नका. त्याची एक प्रत मंडळाला द्या आणि एक वेगळ्या घरी ठेवा. सगळ्यांत आधी जो गायक वयानं सर्वांत मोठा आहे, त्याच्यापासून सुरुवात करा.