परतीच्या नळीकडेही बघा

१० फेब्रुवारी २०१३ रोजी पहाटे मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ या पर्यटक जहाजाच्या इंजिनरूमला आग लागली. ती विझली, पण जहाजाची शक्ती गेली आणि चार हजारांहून अधिक माणसं भर समुद्रात अडकली. टगबोटींनी ओढत ते अमेरिकेतल्या मोबील बंदरात आणलं, तेव्हा १४ तारखेची रात्र झाली होती. अमेरिकी तटरक्षक दलाच्या तपासात कारण सापडलं ते सहा क्रमांकाच्या इंजिनाकडून टाकीकडे तेल परत नेणाऱ्या लवचीक नळीतली गळती.

डिझेल इंजिनाचा पंप गरजेपेक्षा जास्त तेल ओढतो. समजा, तासाला १०० लिटर ओढलं आणि ४० जळलं, तर उरलेलं ६० लिटर रिटर्न लाइनने टाकीत परततं. साध्या जुन्या इंजिनांत हे प्रमाण थोडं असतं. डेट्रॉइट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनांत जळण्यापेक्षा परतणारंच पुष्कळदा जास्त. जाता जाता हे तेल इंजेक्टरची उष्णता आणि लाइनमध्ये शिरलेली हवा सोबत नेतं. दाब कमी, म्हणून या नळीकडे दुर्लक्ष होतं. पण गळतं ते डिझेलच, आणि शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो.

दोन टाक्यांच्या बोटीत घोळ सहज होतो. तेल डाव्या टाकीतून घेतलं, रिटर्न मात्र उजवीकडेच राहिला, तर डावी टाकी हिशेबाआधीच रिकामी होते. उजवी आधीच भरलेली असेल तर हवेच्या नळीतून डिझेल बाहेर येतं. रिटर्नचे दोन्ही व्हॉल्व्ह चुकून बंद राहिले तर आणखी वाईट: पंप ढकलतच राहतो, तेलाला वाट नसते, आणि सील फुटतं किंवा नळी सांध्यातून निसटते. म्हणून एकच टाकी असेल तर रिटर्नवर व्हॉल्व्ह शक्यतो नकोच. दोन असतील तर एक वाट बंद होताना दुसरी उघडणारा व्हॉल्व्ह बसवावा.

इंजिनाकडे येणाऱ्या लाइनवर मात्र टाकीपाशी व्हॉल्व्ह हवाच. तो रोज इंजिन थांबवण्यासाठी नाही. त्यासाठी पंपावरचा स्टॉप लिव्हर असतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला तरी फिल्टरमधलं तेल संपेपर्यंत इंजिन चालतं, मग लाइन हवा धरते आणि पुढच्या वेळी एअर काढत बसावं लागतं. हा व्हॉल्व्ह आगीच्या वेळी लागतो. मोठ्या जहाजांना इंजिनरूमबाहेरून बंद होणारे व्हॉल्व्ह ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार सक्तीचे आहेत. लहान बोटीतही दांडा किंवा केबल डेकपर्यंत आणायला हवी, कारण पेटलेल्या इंजिनाशेजारी हात घालायला कोणीच जाऊ शकत नाही.

एवढं करूनही एक वाट उरते. रिटर्नची नळी टाकीच्या तळापर्यंत उतरलेली असेल आणि इंजिनाजवळ, टाकीतल्या पातळीखाली तुटली, तर डिझेल उलटं वाहत येऊ शकतं. नळीचं तोंड टाकीत वरच ठेवलं किंवा एकाच दिशेने तेल सोडणारा व्हॉल्व्ह बसवला तर हा धोका टळतो.

कोकणात पावसाळी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर शाकारल्या जातात, तेव्हा इंजिनाच्या कामाला उसंत मिळते. नोझल आणि पंप तपासताना रिटर्नची नळीही वाकवून पाहावी. रबराला भेगा, क्लिपपाशी ओल किंवा एक्झॉस्टला घासल्याची खूण दिसली तर ती लगेच बदलावी. टाकीचा व्हॉल्व्हही एकदा पूर्ण बंद करून उघडावा. खाऱ्या हवेत वर्षभर न फिरवलेला व्हॉल्व्ह जाम होतो.