अभयारण्याची सीमा आणि ऋतूंची वाटचाल



जन्मभर मी मराठीचे अध्यापन केले. म्हणून आजच्या विषयाचा आरंभही एका शब्दापासून करतो. अभयारण्य म्हणजे जेथे भय नाही असे अरण्य. परंतु हे अभय कोणापासून? नकाशावर सीमा आखणाऱ्यांच्या मनात कुऱ्हाड आणि बंदूक होती. ऋतूच आपली मर्यादा सोडतील, ही शंका त्यांना कोठून यावी?

कडोदऱ्याहून फार दूर नसलेले वांसद्याचे राष्ट्रीय उद्यान १९७९ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २४ चौरस किलोमीटर. हवा तापू लागली की जीवसृष्टी मानवेल त्या हवेच्या शोधात सरकते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालानुसार, जगभर तपासलेल्या प्रजातींपैकी सुमारे निम्म्या ध्रुवांकडे किंवा अधिक उंचीवर सरकल्या आहेत. पशू चालतो, पक्षी उडतो. वृक्षाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या बीजरूपानेच प्रवास करावा लागतो. ती वाट अडली, तर राखलेले वनच कोंडवाडा ठरते.

वाट मोकळी असेल तर काय घडते? २०२० साली वांसद्यात दोन रानकुत्रे छायाचित्रात टिपले गेले; त्यापूर्वीची तेथील नोंद १९७० ची होती. अशा भटक्या प्राण्याला २४ चौरस किलोमीटर कसे पुरणार? डांगचे वन सुरगाणा-नवापूरच्या डोंगरांशी जोडलेले आहे. १९६० साली राज्यांची सीमा तेथून गेली. रानाला ती ठाऊक नाही.

म्हणून उपाय सीमेबाहेरही शोधावे लागतात. पेंचजवळ नागपूर-शिवनी महामार्गाखालून वन्यप्राण्यांसाठी मार्ग ठेवले आणि वाघांनी ते वापरले. वणवे आवरणे, उन्हाळ्यात पाणवठे टिकवणे, उतारावरचे व नदीकाठचे झाडांचे पट्टे राखणे, हेही तितकेच आवश्यक आहे.

मात्र या वाटा कोणाच्या तरी शेतातून, गुरचरणातून जातात. त्यांचा सारा भार कुकणा, वारली, भिल्ल कुटुंबांवर टाकणे हा न्याय नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा अधिकार दिला आहे. तिला विश्वासात घेतल्यावाचून आखलेली वाट कागदावरच राहील.

अभय हे एकदा देऊन संपणारे दान नव्हे. काळ बदलेल तसे ते पुनःपुन्हा द्यावे लागते. येथील विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी धरले, तरी या स्मृतिव्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.