मागचे पाटे आणि पाण्याची टाकी

उन्हाळा लागला की शहापूर-मुरबाडच्या कितीतरी पाड्यांवर पाणी गाडीने येतं. भातसा, तानसा धरणं याच शहापूर तालुक्यात, तरी ही वेळ येते याचं वाईट वाटतं. पिकअपच्या हौद्यात हजार लिटरची टाकी ठेवली की १ टन वजन नुसत्या पाण्याचंच.

गाडी मागून बसते. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं, रात्री हेडलाइटचा झोत झाडांवर जातो. मग मागच्या कमानीत जादा पाटा घालतात. तो कायम काम करणारा असला, तर रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते. त्यापेक्षा ओझं आल्यावरच टेकणारा हेल्पर पाटा बरा. थर जाड झाला की यू-बोल्ट लांब लागतात आणि थोडे दिवस गाडी चालल्यावर त्यांचे नट पुन्हा आवळावेच लागतात. ढिले राहिले तर मधला बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकतो.

पाट्याने ब्रेक आणि टायर मात्र बदलत नाहीत. आरसी बुकातलं वजनही तेच राहतं. त्यापलीकडे माल भरला तर २०,००० रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. सर्वांत धोक्याची अर्धी भरलेली टाकी. माळशेजच्या वळणावर पाणी एका अंगाला धावतं आणि गाडीला ओढतं. टाकी केबिनला लागून, घट्ट बांधावी.