दोन चाकांमधला हिशेब : संग्रामपूरची काळी माती आणि डिफरन्शियल

बुलढाणा जिल्ह्यातला संग्रामपूर तालुका उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत आला की दोन भूगोल भेटतात. वर सातपुड्याचा पायथा. तिथे १९९७ मध्ये जाहीर झालेले, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचे अंबाबरवा अभयारण्य आहे आणि दगडगोट्यांच्या, नाले ओलांडत जाणाऱ्या वाटा आहेत. खाली पूर्णेच्या काठापर्यंत पसरलेली सपाट काळी जमीन, म्हणजे खारपाण पट्टा. या दोहोंच्या मध्ये सोनाळा-टुनकीच्या बाजूला संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबरपासून उतरू लागतात, त्याच सुमारास सोयाबीनची मळणी चालू असते, आणि परतीचा पाऊस याच दिवसांत एखादी रात्र गाठतो. सकाळी भरलेली पिकअप पांदण रस्त्यात उभी. एक चाक गरगर फिरते आहे, चिखल मागे दहा फूट उडतो आहे, आणि त्याच आसाचे दुसरे चाक कोरड्या मुरमावर स्वस्थ बसले आहे.

ते स्वस्थ बसलेले चाकच या लेखाचा विषय आहे. त्याच्याखाली पकड आहे, इंजिनात जोर आहे, मग ते फिरत का नाही?

बैलगाडीला, वऱ्हाडात जिला बंडी म्हणतात तिला, हा प्रश्न कधी पडला नाही. तिची दोन्ही चाके स्थिर आसावर आपापली मोकळी फिरतात. ओढण्याचे काम चाक करतच नाही. ते बैलाचा खूर करतो, तो मातीत रुततो आणि तिथूनच जोर घेतो. मोटारीत हे उलटे झाले. जो भाग आधी फक्त घरंगळत होता त्याच्याच गळ्यात ओढण्याचे काम आले, आणि त्याबरोबर वळणाची अडचण आली. वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल तर गाडी पूर्ण उलटी फिरवताना बाहेरचे चाक सुमारे ४.४ मीटर जास्त चालते, मग वळण लहान असो की मोठे. दोन्ही चाके एकाच सळईला घट्ट बांधली तर हा फरक टायर घासून तरी भरून निघेल, नाहीतर सळई तुटून.

यावर तोडगा काढला तो एका घड्याळजीने. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने १८२० च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. रचना आजही जवळपास तीच आहे. इंजिनाकडून येणारा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनच्या पोटात छोटी दंतचक्रे असतात आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन चाकांचे शाफ्ट. सरळ रस्त्यावर सगळे एकजीव फिरते. वळणावर छोटी दंतचक्रे स्वतःभोवती फिरून एका चाकाचा कमी झालेला वेग दुसऱ्याला देतात. दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी नेहमी क्राऊनच्या वेगाइतकी राहते. एक चाक पूर्ण थांबले तर दुसरे दुप्पट वेगाने फिरते. गाडी अडकलेली असताना काटा वीसचा वेग दाखवतो, तेव्हा फिरणारे चाक चाळीसच्या वेगाने फिरत असते. अशा वेळी ॲक्सिलेटर दाबून धरणारा माणूस त्या छोट्या दंतचक्रांना आणि त्यांच्या पिनीला भाजून काढत असतो. गॅरेजमध्ये उघडल्यावर पिन निळी पडलेली दिसते ती यामुळेच.

वेग वाटून देणारी ही रचना जोर मात्र कायम समान वाटते. म्हणजे एका चाकाला जमिनीकडून जितका विरोध मिळतो, तितकाच जोर दुसऱ्यालाही मिळतो, त्याहून अधिक नाही. हिशेबापुरते आकडे घेऊ. माल भरलेली पिकअप २००० किलो, त्यातले मागच्या दोन चाकांवर प्रत्येकी ६०० आणि पुढच्या दोन चाकांवर प्रत्येकी ४०० किलो. डावी बाजू ओल्या काळ्या मातीत आहे, तिथे पकड वजनाच्या एकदशांश. उजवी मुरमावर, तिथे निम्मी. मागचे डावे चाक फार तर ६० किलोचा जोर लावू शकते, उजवे ३००. साध्या डिफरन्शियलमध्ये उजव्यालाही ६०च मिळतात. एकूण १२०. चिखलातून गाडी सरकायला २०० लागत असतील तर ती हलणार नाही. तेच डिफरन्शियल लॉक केले, म्हणजे दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले, की ६० अधिक ३००, एकूण ३६०. गाडी निघाली.

आता ‘फोर बाय फोर’ घेतली पण पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल साधेच असेल तर? मागचे १२०, पुढच्या दोन चाकांचे ४०-४० मिळून ८०. एकूण बरोबर २००, म्हणजे काठावर अडकलेली. चार चाकांना इंजिन जोडलेले असूनही ही गाडी मागे लॉक असलेल्या दोन चाकी ओढीच्या गाडीपुढे कमी पडते. गाड्यांच्या जाहिराती हे सांगत नाहीत, आणि गावात जास्तीचे पैसे मोजले जातात ते बहुधा इथेच.

पण हिशेब इथे थांबवला तर तोही जाहिरातीसारखाच होईल. चारही चाके चिखलात आहेत असे धरा. लॉक केले तरी मागची दोन चाके मिळून १२०च देणार, कारण लॉक पकड निर्माण करत नाही. ज्या चाकाखाली ती आहे तिथपर्यंत फक्त जोर पोहोचवतो. सगळीकडे सारखीच निसरड असेल तर पोहोचवायला जागाच उरत नाही. तिथे चार चाकांची २०० किलोची ओढ निदान काहीतरी जास्त आहे. म्हणून पाटनिवड करायची ती मातीवरून. सातपुड्याच्या बाजूला, जिथे नाला उतरताना एक चाक हवेत आणि दुसरे खडकावर असते, तिथे लॉकसारखा उपाय नाही. पूर्णेकाठच्या सपाट शेतात त्याच लॉकची किंमत फार कमी होते.

काळ्या मातीचा स्वभावच तसा आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन पावसात साबणासारखी होते. खारपाण पट्ट्यात सोडियममुळे मातीचे कण विस्कटतात, छिद्रे बुजतात आणि पाणी खाली मुरत नाही, त्यामुळे वरचा थर जास्त दिवस निसरडा राहतो. शिवाय ही माती टायरच्या खाचांत भरते आणि चार फेऱ्यांत टायरचे मातीचे गुळगुळीत चाक होते. शेतकऱ्याने यावर काढलेले उपाय जुने आहेत आणि योग्यही आहेत. चाकाखाली तुराट्या-पऱ्हाट्या टाकणे, कुटार पसरणे, टायरला साखळी गुंडाळणे, हे सगळे पकडच वाढवतात. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे वाफसा येईपर्यंत थांबणे. बागेत पिकअप न नेता ती मुरमावर उभी करून क्रेट ट्रॉलीने आणणारा बागायतदार कुठल्याही लॉकपेक्षा स्वस्तात सुटतो.

लॉकचे प्रकार सांगताना बाजारात बरीच गल्लत होते. ‘लिमिटेड स्लिप’ नावाचा प्रकार लॉक नव्हे. त्याच्या एका जातीत क्लचच्या चकत्या दोन्ही शाफ्टना थोडेफार धरून ठेवतात. त्या झिजतात आणि त्यांना वेगळे तेल लागते. दुसऱ्या जातीत तिरक्या दातांची दंतचक्रे जास्त पकड असलेल्या चाकाला दुप्पट-तिप्पट जोर देतात. वरच्या उदाहरणात तिप्पट धरली तर ६० आणि १८० मिळून २४०, गाडी कशीबशी निघेल. मात्र चाक हवेत असेल तर शून्याची तिप्पट शून्यच. तेव्हा ब्रेक हलका दाबून खोटा विरोध निर्माण करावा लागतो. हल्लीच्या गाड्यांत हेच काम संगणक करतो : फिरणाऱ्या चाकाला स्वतःच ब्रेक लावतो. थोड्या वेळासाठी ठीक, पण लांब चिखलात ब्रेक तापतात.

खरे लॉक दोन प्रकारचे. एक आपोआप लागणारे. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतले यंत्र ‘खट्’ करून दोन्ही शाफ्ट बांधते, आणि वेग वाढल्यावर लागत नाही. महिंद्राच्या थारमध्ये ईटन कंपनीच्या घडणीचे असे लॉक आले, आणि २०२१ च्या बोलेरो निओच्या एका प्रकारात ते फक्त मागच्या चाकांच्या ओढीवर दिले गेले. पांदण रस्त्याच्या दृष्टीने मला ही दुसरी निवड जास्त शहाणपणाची वाटते. दुसरा प्रकार चालकाने स्वतः लावायचा. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढे-मागे दोन्हीकडे असे लॉक मिळतात. हा प्रकार सर्वांत खात्रीचा, पण तो चाक फिरू लागण्याआधी लावायचा असतो. गरगर फिरत्या चाकावर लॉक टाकला तर दात तुटतात. वेल्डिंग मारून डिफरन्शियल कायमचे बांधण्याचा स्वस्त मार्गही काही जण सुचवतात. डांबरी रस्त्यावर पहिल्याच वळणाला टायर ओरडतील आणि काही महिन्यांत शाफ्ट जाईल. माल वाहणाऱ्या गाडीला हे करूच नये.

गंमत अशी की ज्या लॉकसाठी शहरातला हौशी माणूस लाखभर रुपये मोजायला तयार असतो, तो बहुतेक ट्रॅक्टरमध्ये टाचेखाली पेडल म्हणून आधीपासून असतो. नांगरताना एक चाक तासात आणि एक कोरड्यावर, तेव्हा तो उपयोगी पडतो. बांधाशी वळण्याआधी पेडल सोडलेच पाहिजे; लॉक लागलेला ट्रॅक्टर वळायचे नाकारतो आणि सरळ बांधावर चढतो.

लॉकचा एक तोटा फारसा बोलला जात नाही. मध्ये उंच आणि कडेला नाली असलेल्या ओल्या पांदणीवर साधे डिफरन्शियल असताना एकच चाक घसरते. न फिरणारे दुसरे चाक गाडीला आडवी घसरू देत नाही. लॉक लागला की दोन्ही चाके एकदम फिरू लागतात, आडवी पकड संपते आणि गाडीची मागची बाजू अलगद नालीकडे जाते. वर माणसे बसलेली असतील तर हा प्रश्न चिखलात अडकण्यापेक्षा मोठा आहे. अशा जागी लॉक काढून, प्रवासी उतरवून, दोरीने ओढून घेणे बरे.

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या बाबतीत तर धोका जिवाचा आहे. मागच्या चाकांना ओंडका साखळीने बांधून, लॉक लावून, पहिल्या गिअरमध्ये जोर देण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. चाके अडली आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला तर फिरायला एकच गोष्ट उरते : खुद्द ट्रॅक्टर. त्याचे नाक वर उचलले जाते आणि चालक क्लच दाबण्याआधी तो मागे उलटतो. त्याऐवजी चाकामागची माती उकरून उलट्या गिअरमध्ये बाहेर काढावा, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने खालच्या हुकाला साखळी लावून ओढावा. साखळी वर बांधली तर ओढणारा ट्रॅक्टरही तसाच उलटतो.

जुन्या जिप्सीचे उदाहरण इथे आठवते. मारुतीची ही गाडी १९८५ मध्ये आली. कारखान्यातून येताना तिला लॉक नसे, आणि तरी जंगलात ती वर्षानुवर्षे चालली. वजन सुमारे एक टन. ती रुततच कमी होती. आपल्याकडे उलट होते : आधी दीडपट माल, मग लॉकची चौकशी.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराने गावे वेढली, तसे पाणी ओलांडलेल्या गाडीचे डिफरन्शियल तेल लगेच पाहावे. तापलेले हौसिंग थंड पाण्यात बुडाले की श्वासनळीतून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ दिसले की बदलायचे.

जुनी गाडी घेताना ‘लॉक आहे’ असे कोणी सांगितले तर मागची दोन्ही चाके जॅकवर उचलावी, गिअर न्यूट्रल ठेवून एक चाक हाताने फिरवावे. दुसरे उलट दिशेने फिरले तर साधे डिफरन्शियल. त्याच दिशेने फिरले तर लिमिटेड स्लिप किंवा बांधलेले. आपोआप लागणारा लॉक मात्र या परीक्षेत साध्यासारखाच वागतो, कारण हाताने शंभर फेऱ्यांचा फरक पडत नाही. त्यासाठी एक चाक मुरमावर, एक ओल्या मातीत ठेवून गाडी हळू पुढे घ्यावी आणि मागून ‘खट्’ ऐकू येते का ते पाहावे.