‘यलो डॉग’ करार : अर्थ आणि उगम

कामगार संघटना वाढू नयेत म्हणून मालकवर्गाने योजलेल्या उपायांपैकी एकाला अमेरिकेत ‘यलो डॉग’ करार, म्हणजे ‘पिवळ्या कुत्र्याचा करार’, असे नाव पडले. आपण संघटनेचे सभासद नाही आणि नोकरीत असेपर्यंत होणारही नाही, असे कामगाराकडून कामावर घेतानाच लिहून घेतले जाई. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशा कागदाला नुसते ‘डॉक्युमेंट’ म्हणत.

अमेरिकी बोलीत ‘पिवळा कुत्रा’ म्हणजे कवडीमोलाचा, तिरस्करणीय प्राणी. हे नाव मालकांनी दिलेले नाही. १९२० च्या सुमारास ते कामगार चळवळीत रूढ झाले. सही करणाऱ्याचा स्वाभिमान उरत नाही, हा त्यातील ध्वनी होय.

प्रथा मात्र नावाहून जुनी आहे. १८९८ च्या कायद्याने रेल्वेत तिला बंदी केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये ती तरतूद रद्द ठरवली. १९१५ मध्ये कॅन्सस राज्याचा तसाच कायदाही रद्द झाला. मालक आणि मजूर दोघेही करार करण्यास सारखेच स्वतंत्र आहेत, अशी न्यायालयाची भूमिका होती. अखेर १९३२ च्या नॉरिस-ला गार्डिया कायद्याने असे करार संघीय न्यायालयांतून अंमलात आणणे बंद झाले.

मराठीतील ‘करार’ मूळचा अरबी. त्याचा अर्थ स्थैर्य. उर्दूत मनाच्या स्वस्थतेलाही ‘करार’च म्हणतात. उपाशी माणसाच्या सहीत ती स्वस्थता नसते. कायद्याला हे उमगण्यास बरीच वर्षे लागली. कामगारांच्या बोलीने ते आधीच सांगितले होते.